विसावा नको

"तो उघडा बल्ब डोळ्यांत खुपतो ना तुझ्या? त्याला मी स्वतःच्या हातांनी कागदी शेड करून देतो. समभुज त्रिकोणांची!" निवृत्त होऊन महिना झाला नाही तोच भूमितीच्या मास्तरांनी बायकोला शब्द दिला.

"खिळा ठोकायचा शब्द दिला होता, त्याला चार वर्षं झाली," पुस्तकातून मान वर न करता बाई म्हणाल्या.

हे मास्तरांना लागलं. त्यांनी लगेच वीस बाजूंचा आराखडा काढला, त्याच्या कोपऱ्यात लाल शाईनं 'विसावा नको' असं लिहून ठेवलं आणि कागद भिंतीवर डकवला. पुढचे दोन आठवडे जेवणाच्या टेबलावर जाड कागद, कात्री आणि गोंद यांचंच राज्य होतं. दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती.

शेवटच्या दिवशी मोजले, तर कापलेले त्रिकोण एकोणीसच.

"एक गेला कुठं?"

"मला काय विचारता?"

"मग केर कोण काढतं घरात?"

बाईंनी पदर खोचला. कचऱ्याचा डबा उचलून आणला आणि मास्तरांसमोर उपडा केला. कांद्याची सालं निघाली, त्रिकोण काही निघाला नाही. मास्तरांनी गादी उलटली, कपाट सरकवलं, कंबर धरली. आता उद्या बघू म्हणून टेकणार, तेवढ्यात भिंतीवरची स्वतःचीच लाल अक्षरं दिसली. मास्तरांना एकदम हुरूप आला. नवा त्रिकोण कापून त्यांनी चिकटवूनच टाकला. कुठं सुईएवढी फट नव्हती.

"बघ!"

बाईंनी शेड फिरवून फिरवून पाहिली. राग होताच, पण तरी त्या मनापासून म्हणाल्या, "सुरेख झालीय हो." मग खोक्यातला नवा बल्ब पुढे करून म्हणाल्या, "आता हा आत कुठून घालू?"

मास्तरांनी शेडकडे पाहिलं, मग बल्बकडे, मग भिंतीकडे.

"अगं... विसावा म्हणजे विसावा त्रिकोण. तो नको. बल्बसाठी ती बाजू उघडी ठेवायची होती. मीच लिहिलंय."

"आणि मला वाटलं, नेम केलाय! म्हणून तर दोन आठवडे 'जरा पाठ टेका' असंसुद्धा म्हटलं नाही."

"केराचं बोललो ते चुकलंच माझं," मास्तर खाली बघून म्हणाले. त्यांना खरोखरच लाज वाटली होती.

बाईंनी ब्लेड आणून दिलं. त्रिकोण सुटला, बल्ब आत गेला, कोपऱ्यात मऊ उजेड पडला. बाई खुर्चीत बसल्या, पुस्तक उघडलं. मास्तर अजून तिथंच उभे होते. बाईंनी कापलेला त्रिकोण त्यांच्या हातावर ठेवला.

"घ्या आता विसावा."