फेट्याचा शोध

आपलं म्हणणं खोटं ठरलं की पेढे वाटणारा माणूस मी एकच पाहिला. अण्णा मगदूम.

आष्ट्याच्या एका जैन शेतकऱ्याचे हे चिरंजीव. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आम्ही दोघं साताऱ्यात वकिलीची एकच खोली वापरत होतो. कोर्टात उभं राहिलं की अण्णांचा घसा बसायचा, त्यामुळं पक्षकार त्यांच्याकडं फिरकत नसत. पण पुण्याहून त्यांनी संख्याशास्त्राचं एक पुस्तक आणलं आणि गड्याला पंख फुटले. खटले, शिक्षा, सुटका, सगळं मोजूनच समजून घ्यायचं असं त्यांनी ठरवलं. कुणी न्यायावर मत दिलं की ते विचारत, "मोजलंस का गड्या? मग गप बस."

फौजदारी कोर्टात मागच्या बाकावर बसून ते निकाल टिपू लागले. एकदा धापा टाकतच खोलीवर आले. फेटा बांधून येणारे आरोपी जास्त सुटतात, मॅजिस्ट्रेटवर फेट्याची छाप पडते, असा शोध त्यांना लागला होता.

मी सहज म्हणालो, फेटेवाले ऐपतीचे, त्यांनी वकील दिलेला असणार.

अण्णा थबकले आणि त्यांनी मला मिठीच मारली. वकील असलेले नि नसलेले वेगळे काढून पुन्हा मोजायला लागले. काही दिवसांनी पेढे घेऊन हजर. फेट्याचा काडीचा संबंध नव्हता. वकील असला की माणूस सुटत होता. "लय झकास चुकलो रं," ते म्हणाले. पण पेढा तोंडात घालता घालता त्यांनी टिपणातली बिनवकिलाची, शिक्षा झालेली माणसं पुन्हा एकदा मोजली.

दुसऱ्याच दिवशी वडूजकडची एक बाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. कडबा चोरल्याचा आळ होता, वकील नव्हता. अण्णा मागच्या बाकावरून उठले आणि काळा कोट सावरत पुढं गेले. घसा बसलाच. मॅजिस्ट्रेटनी त्यांना पुन्हा पुन्हा मोठ्यानं बोलायला सांगितलं. तरी त्यांनी साक्षीदाराला विचारलंच, की हा कडबा तिच्या स्वतःच्या रानातला नाही हे ओळखलं कशावरून? त्याला सांगता येईना. बाई सुटली.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "आवं, तुमी माजं कोन?"

अण्णांनी हात जोडून तिला वाटेला लावलं.

हाही निकाल टिपून ठेवा, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. "ही केस मोजणीत धरायची न्हाई. आता मी मधी पडलोय."

मग त्यांनी गुळण्या करायला गरम पाणी मागवलं. दुपारी आणखी एक बिनवकिलाचा खटला होता.