खुलासा मागवावा

कॉम्प्युटर सकाळी सुरू होईना, तेव्हा सीलबंदरावांनी सगळ्यात आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे बायको आणि सून हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या आणि त्यांना पाहताच गप्प झाल्या. झालं! माणसाला आणखी कसला पुरावा हवा?

सीलबंदराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका कचेरीत भांडारपाल होते आणि टाचण्यांच्या डबीवरसुद्धा कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही-तारीख टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सहा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि पट्टी घरी आली. बिस्किटांचा डबा, औषधांचा खण, रेडिओची पाठ, सगळं सीलबंद. बायको त्याच कचेरीत टायपिस्ट होती. चौदा वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर आला, तेव्हा मराठी टायपिंग तिनेच त्यांना शिकवलं होतं. पुढे ती त्याच्याकडे फिरकली नाही.

"अहो, टाकून द्या तो खोका," बायको म्हणाली. "खोली तरी मोकळी होईल."

"एवढी घाई का?"

"घाई कसली? सहा वर्षं सांगतेय."

"म्हणजे सहा वर्षांपासून ठरलंय तर!"

खरी गोम वेगळीच होती. त्या कॉम्प्युटरात 'संशय' नावाची फाईल होती. घरात कोण काय बोललं, कोण कुणाकडे बघून हसलं, चष्मा जागेवर का नव्हता, याची रोजची नोंद, अनुक्रमांकासह. आणि प्रत्येक नोंदीखाली कचेरीतल्या सवयीचा शेरा: 'खुलासा मागवावा.' मागवला मात्र एकदाही नव्हता. बायकोसमोर तेवढी छाती कुणाची? आता पंचाईत अशी, की भंगारात दिला तर भंगारवाला वाचणार, दुरुस्तीला दिला तर मेकॅनिक वाचणार आणि तसाच ठेवला तर सून म्हणणार, "बाबा, मी बघते ना."

ती म्हणालीच. त्याबरोबर सीलबंदरावांनी मेकॅनिकला फोन केला. काम घरीच करायचं, त्यांच्या डोळ्यांदेखत करायचं आणि जाताना खिसे दाखवायचे, या अटींवर.

मेकॅनिकने खोका फिरवला आणि तो बघतच राहिला.

"काका, इथे मागे जाळी होती ना?"

"आहे की. तिच्यावर सील आहे."

"ते कशाला?"

"कुणी आत हात घालू नये म्हणून."

"अहो, त्या भोकांतून करंगळी जात नाही!"

"आज जात नाही," सीलबंदराव म्हणाले.

"हवासुद्धा जाऊ दिली नाहीत तुम्ही. बिचारा नाक दाबून काम करत होता. आतला वीजपुरवठ्याचा भाग जळलाय."

सुनेने पट्टी सोलून उजेडात धरली. "बाबा, घातपात करणाऱ्याची सही सापडली. तारखेसकट."

सीलबंदरावांनी ती पट्टी घाईघाईने खिशात कोंबली.

"भाग जुना आहे, शोधावा लागेल," मेकॅनिक म्हणाला. "दुरुस्त करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. तोवर आतला मजकूर शाबूत आहे का बघू." आणि "नको, नको" म्हणेपर्यंत त्याने आतली डिस्क काढून सुनेच्या लॅपटॉपला जोडलीसुद्धा.

"बाबा, हे 'संशय' काय आहे?"

"ती... रहस्यकथा आहे. अपुरी. उघडू नकोस!"

तिने उघडली. सीलबंदरावांनी डोळे मिटून घेतले. पण कुणी काहीच बोलेना, म्हणून एक डोळा किलकिला केला. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा, सगळा काला!

"जुना मराठी फॉन्ट आहे, काका. या लॅपटॉपवर तो नाही. त्यामुळे वाचता यायचं नाही."

"अरेरे!" सीलबंदराव म्हणाले. त्यांना इतका आनंद निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता. "मग काय उपयोग ठेवून? द्या भंगारात!" आणि त्यांनी स्वतःच खोका उचलून दाराची वाट धरली.

इतक्यात बायको पदराला हात पुसत आली. चष्मा लावून ती पडद्याकडे पाहत उभी राहिली. तिची बोटं टेबलाच्या कडेवर हळूहळू चालायला लागली.

"चहात साखर कमी," ती वाचू लागली. "सौं.चा हेतू संशयास्पद. खुलासा मागवावा."

सीलबंदराव खोक्यासह जागच्या जागी थिजले.

"आई, तुम्हाला हे वाचता येतंय?" सून ओरडली.

"जन्म गेला माझा त्या कीबोर्डवर. कुठल्या कळा दाबल्यात ते दिसतंय ना इथे, बाकीचं बोटं सांगतात." बोटं पुढे चालली. "सून विनाकारण हसली. खुलासा मागवावा... माझा चष्मा सौं.च्या डोक्यावर सापडला. खुलासा मागवावा..." ती थेट शेवटच्या पानावर गेली. "बाराशे सात!"

मेकॅनिकने गुपचूप आपले खिसे उलटे करून दाखवले आणि निघायची तयारी केली.

"तुम्ही थांबा," बायको त्याला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "तो खोका खाली ठेवा."

"अगं, तूच तर सहा वर्षं म्हणतेस, टाकून द्या..."

"खाली ठेवा म्हणते ना!" तिने खुर्ची ओढली, साडी सारखी केली आणि बोटं मोडली. "तो भाग कुठूनही पैदा करा, पण हा सुरू करून द्या. ह्यांनी बाराशे सात खुलासे मागवलेत. मला टाइप करायला बसायचंय. आणि अहो, तो गोंद इकडे द्या. यापुढे कीबोर्डवर पट्टी माझ्या सहीची."