हवेतून धरलं तर

दाभोशाहून जव्हार किती लांब, असं आमच्या शेजारच्या काशिनाथकाकांना विचारू नये. ते मस्कतपासून सुरुवात करतात.

"हवेतून धरलं तर मुंबई-मस्कत पावणेतीन तास," काका चष्मा कपाळावर चढवून सांगतात, "आणि तुझी एसटी जव्हारहून मुंबईला किती घेते? मग लांब कोण?"

लांब मुंबईच, हे आम्ही केव्हाच कबूल केलंय. न करून सांगतो कुणाला! कचेरीतून निवृत्त झाल्यापासून काकांना दुसरा उद्योग नाही. लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्यालाही ते विमानाच्या वेळा ऐकवतात. स्वतः मात्र कधी विमानात बसलेले नाहीत. त्यांचं सगळं विमानशास्त्र जव्हार-दाभोसा जीपवर उभं आहे.

त्यांची एकुलती एक लेक सुमन मस्कतला नर्स आहे. ती पहिल्यांदा निघाली तेव्हा काकांनी बजावलं, "मागं बसू नको, हादरे बसतात. आणि आधी खिडकीशी रुमाल टाक, मग सामान चढव." आमच्या जीपची रीतच ती. ज्याचा रुमाल त्याची सीट, मग तो माणूस बाजारात मिरच्या निवडत का असेना. बापाच्या शब्दाखातर पोरीनं खरोखर रुमाल टाकला. हवाई सुंदरीनं तो घडी घालून परत दिला म्हणे.

यंदा बोहाड्याला सुमन येणार होती. मुखवटे नाचवायचा हा आमचा उत्सव म्हणजे तिचा जीव की प्राण. दोन वर्षांत ती आलेली नव्हती. "सकाळी विमानात, संध्याकाळी आपल्या जीपमध्ये!" काकांचं गावभर सांगून झालं. आणि आदल्या दिवशी तिचा फोन आला. रजा नामंजूर. काका नुसते "बरं, बरं" म्हणत राहिले. फोन ठेवून मला म्हणाले, "लांब नाही रे ती. पावणेतीन तास." ते ऐकून पहिल्यांदाच मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी जव्हारला शेवटची जीप गाठली, तर काका आत बसलेले. शेजारच्या सीटवर चौकडीचा रुमाल. बोहाड्याची गर्दी इतकी, की टपावरसुद्धा माणसं.

"काका, कोन यायचा हाय?" ड्रायव्हर रघूनं विचारलं.

"सुमन. विमान उतरलं असेल आता."

रजेचं रघूला ठाऊक होतं. आमच्याकडे फोन एकाला येतो, कळतो सगळ्यांना. तरी तो गाडी सोडेना. उगाच काच पुसत राहिला. टपावरूनही कुणी ओरडलं नाही.

शेवटी काकाच म्हणाले, "चल रघू. लोकांना उशीर होतोय." आणि रुमाल उचलायला वाकले.

तेवढ्यात मांडीवर कोंबडी घेऊन उपड्या पाटीवर अवघडून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ दे, भाऊ. पोरीची जागा हाय ती."

काकांनी मान खाली घातली. जीप सुटली. मी मागे फळीवर लटकत होतो. दाभोसा येईपर्यंत त्या रुमालावर कुणीही बसलं नाही.