जाधवकाकूंचा सभापती

आमच्या शेजारच्या जाधवकाकूंनी बास्केटबॉलचं नाव 'सभापती' ठेवलंय. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गोल हाय, वारा भरलाय आणि हातातनं सुटला की कुठं जाईल भरवसा नाय."

बिरवाडीत आमची दोन्ही घरं एकाच अंगणाला लागून. रोज संध्याकाळी काकू मॅक्सीवर ओढणी खोचून, पायात जावयाचे जुने बूट घालून अंगणात उतरतात आणि सभापतींना जमिनीवर आपटायला सुरुवात करतात. "ये मेल्या वर! आता का? खाली जाताना बरी घाई होती!" जन्मभर अंगणवाडीत पोरं सांभाळली, त्यामुळे आवाज असा की बॉल सोडून बाकी सगळे जागच्या जागी उभे राहतात.

खेळाचं म्हणाल, तर शून्य. तळवा उघडा ठेवून भाकरी थापल्यासारखं थापटायचं. दोन टप्पे नीट पडले की तिसऱ्याला सभापती दौऱ्यावर. एकदा माझ्या बायकोने, रेखाने, उडदाचे पापड वाळत घातले होते, त्यांच्या मधोमध जाऊन बसले. दूधवाल्याच्या मोटरसायकलखाली गेले, तेव्हा काकू त्यालाच ओरडल्या, "दिसत नाय काय रे, सभापती चाललेत ते!"

हे सगळं पडवीतल्या खुर्चीत बसून जाधवसर बघत असतात. बघतात, म्हणजे तोंड त्या बाजूला असतं एवढंच. सर महाडच्या शाळेत खेळाचे मास्तर होते. मुलींचा बास्केटबॉलचा संघ त्यांनी कुठे कुठे नेऊन जिंकून आणलेला. गेल्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला. जीभ जड झाली, पण डॉक्टर म्हणत होते, बोलत राहिले तर सुधारेल. सर बोललेच नाहीत. मुलगी फोन करायची, तर मान फिरवायचे. त्यांना भेटायला जुने विद्यार्थी आले, तेव्हा डोळे मिटून बसले.

अशा माणसासमोर बायकोने हा धुडगूस घालावा, हे आमच्या आळीला पटेना. "नवरा असा बसलेला आणि हिला म्हातारपणी खेळ सुचतोय," रेखा पापड वेचता वेचता म्हणाली. मीही एकदा काकूंना आडून सुचवलं, "शाळेचं ग्राउंड मोकळं असतं की संध्याकाळी."

"ग्राउंडवर कोण बघतंय मला?" काकू म्हणाल्या. मी मनात म्हटलं, संपलं. बाईला आता प्रेक्षकही पाहिजेत.

मग एका रविवारी पहिली पाळी करून मी एमआयडीसीतून परत येत होतो. शाळेला सुट्टी. ग्राउंडच्या कुंपणाआडून टप्प्यांचा आवाज आला. एकसारखा, घाई नाही, गडबड नाही. मी गाडी थांबवून बघितलं. एक बाई गुडघ्यात वाकून बॉल खेळवत होती. डाव्या हातातून उजव्यात, उजव्यातून डाव्यात. नजर समोर, बॉलकडे ढुंकूनही नाही. मॅक्सी आणि जावयाचे बूट ओळखायला मला जरा वेळच लागला.

"काकू!"

सभापती निमूटपणे त्यांच्या हाताखाली थांबले.

"घरी बोलायचं नाय," काकू धापा टाकत म्हणाल्या.

"अहो, एवढं येतं तुम्हाला! मग अंगणात काय होतं?"

"अंगणात येत नाय मला." त्या बांधावर टेकल्या. "पोरींना शिकवायचे ना सर, तेव्हा मी डबे सांभाळत बसायची. हात कधी लावला नव्हता, पण डोळ्यांनी सगळं पाठ. आता म्हटलं, हा माणूस माझ्याशी बोलत नाय, पोरीशी बोलत नाय. पण डोळ्यांसमोर कुणी तळव्याने बॉल थापटला तर गप बसेल? पोरींना काय शिव्या घालायचा माहितीय?"

"पण त्यासाठी इथं येऊन नीट शिकायची काय गरज?"

"अरे संदीप, चुकायचं तर नीट चुकाय पाहिजे ना! खोटं खोटं चुकलं तर ओळखतो तो. बरोबर काय ते हाताला कळल्याशिवाय चुकणार कसं?" मग ओढणीने मान पुसत म्हणाल्या, "घरात दिवसभर माझाच आवाज रे. कंटाळा आला मला त्याचा."

घरी मी काही बोललो नाही. रेखाला फक्त पापड गच्चीवर घालायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. मी पायरीवर चहा पीत होतो. काकूंची पाठ पडवीकडे, तोंड माझ्याकडे. थाप, थाप, थाप. बॉल बुटावर आदळून तुळशीपाशी गेला. त्यांनी तो आणला आणि पुन्हा तळव्याने थापटला.

पडवीत खुर्ची करकरली.

"बो... बोटं," सर म्हणाले. शब्द तोंडातल्या तोंडात घसरला, पण होता. "त... तळवा नको. बोटं."

काकूंचा हात हवेतच राहिला. बॉल आपला आपण टप्पे घेत थांबला. त्या वळल्या नाहीत. समोर मी होतो म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला, आणि मी कपात बघायला लागलो. त्यांनी ओढणीने तोंड पुसलं, खाकरून गळा मोकळा केला आणि सरांकडे वळून नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काय म्हणालात? ऐकू नाय आलं. मोठ्याने बोला जरा."

सर पुन्हा बोलले. या वेळी मोठ्याने, आणि पुढे एक शिवी जोडून.