बायकांच्या बाजूचं छप्पर

कोणाचे आईवडील भारतातून आले की ओहायोतले आपले लोक त्यांना नायगारा दाखवतात. वझलवार भाऊजी गरीबखाना दाखवायचे.

मलाही दाखवला. ओहायोतल्या डब्लिन गावी मुलाकडे येऊन मला आठवडाही झाला नव्हता, दिवसा पेंगत होते, आणि हा माणूस दारात उभा. नागपूरचे, सरकारी बांधकाम खात्यातून रिटायर झालेले इंजिनियर. शेजारच्या टाउनहाउसमध्ये त्यांच्या मुलाकडे राहायचे.

"चला वहिनी, गरीबखाना बघून येऊ."

"गरिबी बघायला गाडीत बसून कशाला जायचं? ती मी घरीच बघितली आहे."

"गरिबी नाही जी, इमारत! बांधणाऱ्याची नियत बघायची."

नियत हा त्यांचा लाडका शब्द. जिना अरुंद असला की बांधणाऱ्याची नियत खोटी. खिडकी मोठी असली की नियत साफ. माझ्या मुलाच्या नव्या घराची भिंत त्यांनी बोटाने वाजवली आणि "पुठ्ठा आहे, नियत नाही," म्हणाले. माझ्या सुनेने त्यांना पुढे महिनाभर चहा विचारला नाही.

गरीबखान्याचं गाव म्हणजे मक्याची शेतं, एक चर्च, एक पेट्रोल पंप. गावाबाहेर ही लाल विटांची तीन मजली इमारत. पूर्वी म्हातारे, अपंग, शेत बुडालेले, असे सगळे इथे आणून ठेवायचे. अंगात जोर असेल त्याने शेतात राबायचं, बायकांनी धुणं-शिवण करायचं. मधला भाग व्यवस्थापकाचा. त्याला कोरीव दरवाजा, रुंद जिना. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका.

"आणि नवराबायको आले तर?" मी विचारलं.

"दारातच वेगळे, वहिनी. तो डावीकडे, ती उजवीकडे. रविवारी चर्चमध्ये लांबून बघायचं."

"काय पाप केलं होतं त्यांनी?"

"गरीब झाले होते नं."

मी चौथीपर्यंत शिकले. इमारत गळते की नाही, एवढंच मला कळतं. ही गळत होती. बायकांच्या बाजूचं छप्पर एका कोपऱ्यात खचलं होतं. पण भाऊजींना कौतुक केवढं! बूट काढून, नुसत्या मोज्यांनी आत फिरायचे. मागून आलेल्या पाहुण्यांनीही बूट काढायचे. किल्ली सांभाळणारी डोरोथी ही गावातली, पूर्वी शाळेची बस चालवायची. आधी ती घाबरली, मग तिनेही बूट काढायला सुरुवात केली. पुढे तर आम्हाला बघितलं की लांबूनच हात हलवून, भाऊजींचा शब्द उचलून, "नीयाट!" असं ओरडायची.

मग त्या वर्षी गावच्या समितीने ठरवलं, इथे म्युझियम करायचं. दुरुस्तीला पैसे थोडे, म्हणून पुरुषांची बाजू रंगवून ठेवायची आणि बायकांची पाडून तिथे पार्किंग करायचं, असा बेत.

भाऊजींचं जेवण तुटलं. "पाडून राहिले वहिनी! अर्धी इमारत ठेवून काय दाखवणार हे?"

"परक्या गावाचं घर. त्यांना पाडू द्या की."

"नाही."

नाही म्हणजे नाहीच. दर शनिवारी जाऊन त्या गावात दारोदार फिरले. मला सोबत नेत, का, तर साडीतली बाई बघून लोक दार उघडतात. लोक दार उघडत हे खरं.

शेवटचं मत घ्यायची सभा फायर स्टेशनच्या हॉलमध्ये होती. भाऊजींनी पातेलंभर चिवडा नेला. मीटिंग म्हटली की फराळ हवा, हे त्यांच्या खात्यातलं शिक्षण. समितीच्या प्रत्येक माणसासमोर कागदी प्लेट ठेवली. अध्यक्षांनी आपली प्लेट एका बोटाने लांब सरकवली. डोरोथी धावत आली आणि म्हणाली, निर्णयाआधी खायला घालणं म्हणजे लाच.

"लाच? चिवड्याची?" भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. प्लेटा गोळा करून आम्ही मागच्या रांगेत बसलो. तिथल्या शेतकऱ्यांनी चिवडा संपवला. त्यांना मतदान नव्हतं.

भाऊजींची पाळी आली. आधी विटांवर बोलले, तुळयांवर बोलले. अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, "सर, दोन्ही बाजू सारख्याच आहेत. एक पाडली तर लोकांचं काय नुकसान होईल?"

भाऊजी म्हणाले, "एकच बाजू ठेवली तर लोकांना वाटेल, इथे नुसते एकटे पुरुष राहत होते. ते एकटे नव्हते. त्यांना एकटं केलं होतं."

मग मत घेतलं. पाडायचं नाही, रंग नंतर, आधी छप्पर, असं ठरलं. एका मताने.

बाहेर गाडीत बसल्यावर मला राहवलं नाही. वझलवारांची बायको देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला मुलीकडे होती. तिकडे जुळी नातवंडं सांभाळायला ती, इकडे मुलाची मुलगी सांभाळायला हे. मुलांनी आईवडील वाटून घेतले होते. आपल्या लोकांत हे चालतं. फोन होतो, सगळे म्हणतात छान चाललंय.

"मेलेल्या बायकांसाठी इतकं भांडलात. जिवंत बायकोसाठी कधी भांडणार?"

त्यांनी गाडी बंद केली. मग रेडमंडला फोन लावला. पलीकडे एक मूल रडत होतं.

"ऐकतेस? छप्पर वाचलं. हो, तुझ्या बाजूचं." तिने काहीतरी विचारलं. "नाही, जेवलो नाही. अगं, ते राहू दे. मी तिकडे येतोय. राहायला. जुळ्यांपैकी एक मी घेईन." पुन्हा पलीकडून काहीतरी आलं. भाऊजींनी मान हलवली, जणू ते तिला दिसत होते.

"पोराला घरी गेल्यावर सांगतो. सांगतो म्हटलं मी. विचारत नाही."