एक्केचाळीस कलमं आणि चार हरणं

गाडी कशी निवडावी हे जगात एकाच माणसाला कळतं आणि तो माणूस सँडविक गावात पोस्टाच्या मागच्या गल्लीत राहतो, असं हेल्गी ब्यारनासनचं ठाम मत होतं. तो माणूस म्हणजे अर्थातच तो स्वतः!

"लोक काय करतात? रंग बघतात, टायरला लाथ घालतात आणि सही ठोकतात! मूर्ख!" स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद आपटत तो म्हणाला. "हे बघ. एक्केचाळीस कलमं काढलीत मी. प्रत्येक कलमाला दहापैकी गुण. शांतता, ताकद, सीटची ऊब, कप ठेवायची जागा... काही म्हणजे काही सोडलेलं नाही!"

त्याची बायको सिग्नी मासे तळत होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"माझं एकच कलम आहे. मिनीव्हॅन घे."

हेल्गीच्या घशात कॉफी अडकली. मिनीव्हॅन! ती ठेंगणी, सरकत्या दारांची, पोराटोरांची ने-आण करणारी पेटी! "त्यापेक्षा गळ्यात पाटी अडकवून गावातून फिरतो ना मी! 'हा माणूस संपला' अशी!"

"पाटीत अम्मा बसणार आहे का?" सिग्नीने विचारलं.

खरी गोम इथेच होती. अम्मा म्हणजे सिग्नीची आई, गुद्रुन. गेल्या हिवाळ्यात तिच्या खुब्याचं हाड बदललं, आणि तेव्हापासून हेल्गीच्या उंच पिकअप ट्रकमध्ये चढणं तिला जमेना. त्यामुळे नातीचा, ब्रिनचा, बर्फावरच्या हॉकीचा एकही सामना तिला यंदा बघता आला नव्हता. ब्रिन अकरा वर्षांची, संघाची गोलकीपर. या हॉकीत चेंडूऐवजी रबरी चकती असते, ती अडवायचं काम तिचं. अम्माकडे गाईच्या गळ्यातली एक जुनी घंटा होती. ब्रिन पहिल्यांदा बर्फावर उभी राहिली तेव्हापासून अम्मा प्रेक्षकांत बसून ती घंटा बडवायची. यंदा घंटा नाही, आणि ब्रिन गोलावर गोल खात होती.

"घंटा वाजली की मला भीती वाटत नाही," ब्रिन एकदा ताटात बघत म्हणाली होती. "नाही वाजली की चकती दिसतच नाही मला."

शनिवारी सकाळी दहाला अंतिम सामना होता. काहीही करून अम्माला तिथे न्यायचं, असा हेल्गीने शब्द दिला होता. आणि हेल्गी शब्दाचा पक्का. डोक्याचं त्याची सासू सांगेल!

शुक्रवारी संध्याकाळी तो शोरूममधून एक पांढरीशुभ्र, आडदांड, सात जणांची एसयूव्ही घेऊन दारात हजर झाला. विकत नाही हं! शोरूमचा गॉर्डी त्याचा शाळेपासूनचा दोस्त. "ने दोन दिवस. सोमवारी काय ते सांग," म्हणून त्याने किल्ली हातात ठेवली होती. सँडविकमध्ये गाड्या अशाच विकल्या जातात.

"बघितलीस? याला म्हणतात गाडी!" हेल्गीची छाती गाडीइतकीच रुंद झाली होती.

अम्मा खिडकीतून बघत होती. "शिडी कुठे आहे हिची?" तिने विचारलं.

"तिपाई ठेवू की अम्मा, तिपाई! त्यात काय एवढं!"

रात्री पारा उणे एकतीसवर जाणार होता. इतक्या थंडीत इंजिन विजेची वायर लावून उबेत ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी ते दगड होऊन बसतं. म्हणून तिकडे प्रत्येक गाडीच्या नाकातून वायरची शेपटी लोंबत असते. पण ओसरीवरच्या एकुलत्या एका प्लगमध्ये नाताळची सजावट लावलेली होती. फेब्रुवारी अर्धा संपला तरी! हेल्गीने स्वतःच्या हाताने बनवलेली लाकडी घसरगाडी आणि तिच्यापुढे, तिलाच जोडलेल्या एका फळीवर स्क्रूने बसवलेली चार प्लास्टिकची हरणं अंगणात अजून लुकलुकत उभी होती. 'काढ ते' असं सिग्नीने एक जानेवारीपासून किती वेळा सांगितलं असेल, याची मोजदाद तिनेही सोडून दिली होती.

हेल्गी व्यवसायाने वायरमन. वायरमनला कुठे अडतं! त्याने हरणांच्या वायरीतूनच एक वायर पुढे ओढली, गाडीला जोडली आणि वाऱ्याने निसटू नये म्हणून दोन्हीकडे मस्तपैकी गाठ मारली. एक गाडीच्या नाकाशी, एक सगळ्यात पुढच्या हरणाच्या गळ्यात.

"वायरमनची गाठ आहे ही. सुटली तर नाव बदलीन!" तो म्हणाला. नाव बदलायची वेळ त्याच्यावर आली नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

शनिवारी सकाळी सिग्नी आणि ब्रिन शेजारच्या मरेच्या गाडीतून आधीच पुढे गेल्या. गोलकीपरला अंगावर इतकं चिलखत चढवायचं असतं की तासभर आधी जावं लागतं. मरेची मुलगी याच संघात होती. मरेची गाडी कुठली? मिनीव्हॅन! हेल्गीने तिच्याकडे बघायचंही टाळलं.

मागे उरले हेल्गी आणि अम्मा. स्वयंपाकघरातली तिपाई अंगणात आली. अम्मा एका हातात काठी, दुसऱ्या हातात घंटा आणि काखेत आलुबुखाराच्या थरांच्या केकचा डबा घेऊन तिपाईवर उभी राहिली.

"ढकल!" तिने हुकूम सोडला.

"कुठे ढकलू, अम्मा?"

"आता काय नकाशा काढून देऊ? ढकल!"

हेल्गीने डोळे मिटले आणि ढकललं. घंटा खणखणली, डबा डॅशबोर्डवर आपटला, आणि अम्मा एकदाची सीटवर स्थानापन्न झाली.

"सीट कशी आहे?"

"सीट बरी आहे. सीटपर्यंतचा प्रवास वाईट आहे."

पुढची काच त्याने खरवडली. मागची तशीच ठेवली. 'आपण पुढे चाललोय, मागे बघायचंय कशाला!' गाडी मागे घेताना कडाड्कन आवाज झाला. "बर्फ मोडला," असं म्हणून हेल्गी रस्त्याला लागला. तिपाई अंगणात तशीच उभी राहिली.

आणि काय सांगू! काय ती गाडी! आत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता! हेल्गीने मनातल्या मनात कलम सतराला दहापैकी दहा देऊन टाकले. जरा जड ओढतेय असं वाटलं खरं. "याला दमदारपणा म्हणतात, अम्मा. रस्त्याला धरून चालते!"

पोस्टासमोर दोन बायका थबकल्या. एकीने तोंडावर हात ठेवला, दुसरीने फोन काढून फोटो घेतला.

"बघा! फोटो काढतायत!" हेल्गीने राजासारखा हात हलवला.

किराणा दुकानाच्या दारात तर पाच-सहा जण बाहेर आले. टाळ्या! शिट्ट्या! समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला तो गाडी पार पुढे जाईपर्यंत थांबवलाच नाही. हेल्गीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. वीस वर्षं या गावाच्या वायरी जोडल्या, पण असा मान कधी मिळाला नव्हता!

अम्मा मात्र बाजूच्या आरशात टक लावून बघत होती.

"हेल्गी, मागून हरणं येतायत."

"येऊ देत, अम्मा. आपल्याकडे हरणं असतातच."

"चार आहेत."

"थंडीत कळपानेच फिरतात."

"त्यांच्यामागे मोसी बसलाय."

मोसी म्हणजे त्यांचा केसाळ कुत्रा. अम्माचं ऑपरेशन खुब्याचं झालं होतं, डोळ्यांचं नाही. पण म्हातारपण कुठून शिरेल सांगता येत नाही, असं वाटून हेल्गी हळहळला. "मोसी घरी आहे, अम्मा," तो अगदी प्रेमाने म्हणाला.

"बरं," अम्मा म्हणाली आणि आरशात बघून तिने घंटा एकदा वाजवली. मागून कुत्रा भुंकला. हेल्गीने कलम सतरामधला एक गुण कापला.

हॉकीच्या बंदिस्त मैदानाच्या दाराशी अर्धा गाव जमला होता. गाडी थांबली आणि एकच हशा उसळला. हेल्गी ऐटीत उतरला, मागे वळला आणि आहे तिथेच थिजला. गाडीच्या नाकातून निघालेली नारिंगी वायर चाकाशेजारून मागे गेली होती. तिच्या टोकाला चार हरणं, एकाचं शिंग मोडलेलं. त्यांच्यामागे लाकडी घसरगाडी. आणि त्या घसरगाडीत, जीभ बाहेर काढून, मिरवणुकीतल्या नवरदेवासारखा मोसी! गाठ जशीच्या तशी होती.

"यंदा नाताळ लांबला वाटतं, हेल्गी!" मरे ओरडला.

गर्दीतून सिग्नी पुढे आली. तिने हरणांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "एक जानेवारीपासून सांगतेय," एवढंच ती म्हणाली. "अम्माला उतरव आधी. दहाला पाच कमी आहेत!"

हेल्गीने दार उघडलं, तिपाईसाठी हात मागे केला, आणि मग त्याला तिपाई आठवली. अम्मा वर, जमीन खाली, आणि मध्ये अडीच हात हवा!

"उडी मारू का?" अम्माने विचारलं.

"नको!" तिघंचौघं एकदम ओरडली. डॉक्टरने तिला पायरीवरूनसुद्धा जपून उतरायला सांगितलं होतं. आतून शिट्टी ऐकू आली. संघ बर्फावर उतरत होते. हेल्गीला दरदरून घाम फुटला, उणे एकतीसमध्ये! पोरीला शब्द दिलेला. अम्माला दारापर्यंत आणलेलं. आणि आता केवळ अडीच हातांसाठी ती बाहेर गाडीतच बसून राहणार? त्या क्षणी त्याला स्वतःचीच लाज वाटली. एक्केचाळीस कलमं लिहिली, पण ज्या माणसासाठी गाडी बघायची तो माणूस एकाही कलमात नव्हता.

"ती घसरगाडी काय शोभेला आणलीयस?" अम्मा वरून कडाडली. "लाव इकडे!"

मरेने मोसीला उचललं, हेल्गीने घसरगाडी दाराशी ओढली. उंची अगदी मापाची! अम्माने एक पाय घसरगाडीत ठेवला, एक हात जावयाच्या डोक्यावर, आणि ती राणीसारखी खाली उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. या खऱ्याच टाळ्या होत्या.

सामना सुरू झाला तेव्हा ब्रिन जाळ्यापुढे आखडून उभी होती. पहिलाच फटका आत गेला. हेल्गीने ओठ चावला. तेवढ्यात त्याच्या शेजारी घंटा खणखणली, अशी की पुढच्या बाकावरच्या माणसाची कॉफी सांडली! ब्रिनने मान वर केली. जाळीच्या मुखवट्यातून चेहरा दिसत नव्हता, पण तिने काठी बर्फावर दोनदा आपटली. त्यानंतर चकती आत गेली नाही. दोन-एक! हेल्गी रडला. थंडीने डोळ्यांत पाणी येतं, असं त्याने मरेला सांगितलं. आत हीटर लावलेले होते.

परत निघताना त्याने पुन्हा घसरगाडी एसयूव्हीच्या दाराशी लावली. पण अम्मा कुठे? अम्मा मरेच्या मिनीव्हॅनपाशी उभी होती. दार आपोआप सरकलं. अम्माने एक पाऊल टाकलं, बसली, पट्टा लावला. ना तिपाई, ना ढकलाढकली! गोलकीपरचं सगळं सामान मागे मावलं, वर ब्रिनही तिच्या शेजारी बसली, चषक मांडीवर घेऊन.

"हेल्गी," अम्माने आतून हाक मारली, "तू हरणं घेऊन ये सावकाश."

त्या दुपारी हेल्गीने कागद काढला आणि खाली बेचाळिसावं कलम लिहिलं: 'अम्मा बसतात का?' मग बाकीच्या एक्केचाळीस कलमांवर एक तिरपी रेघ मारली.

सोमवारी तो अम्मालाच घेऊन शोरूममध्ये गेला, मरेच्या गाडीतून. एसयूव्ही सिग्नीने आदल्या दिवशीच पोचती केली होती. गॉर्डीच्या फोनवर हरणांचा फोटो होताच.

"गॉर्डी," हेल्गी इकडेतिकडे बघत कुजबुजला, "ते... सरकत्या दारांचं... काही आहे का?"

"मिनीव्हॅन?" गॉर्डी सगळ्या शोरूमला ऐकू जाईल असं ओरडला. "आहे की! एकच शिल्लक आहे. लालभडक!"

आवारातल्या पाटी लावलेल्या प्लगच्या खांबाशी उभ्या असलेल्या त्या लाल पेटीत अम्मा आधीच जाऊन बसली होती. हेल्गीने टोपी कपाळावर ओढली आणि गाडी बाहेर काढली. आता गाव हसणार! पोस्ट गेलं. कुणी पाहिलं नाही. किराणा दुकान गेलं. एकाने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. खरं सांगायचं तर हेल्गीला जरा वाईटच वाटलं. पण सीट उबदार होती, गाडी लोण्यावरून चालल्यासारखी चालली होती, अम्मा शेजारी ऐसपैस बसून केक खात होती. काय गाडी आहे! तो मनापासून खूश झाला.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. मग दुसरा. एक बाई थबकली, तिने फोन काढला.

"बघा अम्मा! शेवटी पटलीच गाडी लोकांना!" हेल्गीने काच खाली केली आणि हात बाहेर काढला. तेव्हा त्याला आवाज ऐकू आला. रस्त्यावर काहीतरी घासत येत होतं, आणि त्याच्यामागून गॉर्डी, गुळगुळीत बुटांनी बर्फावरून घसरत, धावत होता. "वायर, हेल्गी, वायर! माझी पाटी!"

हेल्गीने आरशात पाहिलं. गाडीच्या नाकातली वायर, तिला अडकलेली शोरूमची 'आज खास सूट'ची पाटी, सगळं मागून येत होतं.

"अम्मा! तुम्हाला दिसलं नाही?"

"केव्हाच दिसलं," अम्मा बोटं चाटत म्हणाली. "पण परवा सांगितलं तेव्हा ऐकलंस का? शिवाय गाडी इतकी आरामशीर चाललीय, म्हटलं थांबवायची कशाला!"