जपानी देवाला मुळ्याचा नैवेद्य

कुठल्याही देवाचं चित्र माझ्यासमोर टाका. हात किती, डोळे किती, वाहन कोणतं, एवढं बघून मी त्याचा गूढार्थ सांगतो! ही बढाई नव्हे. घोटावड्यापासून कासारसाईपर्यंत असा एक गणेशोत्सव नाही जिथं माझं व्याख्यान झालेलं नाही. ऐकणाऱ्यांतले निम्मे झोपतात, पण तो दोष त्यांच्या बुद्धीचा. म्हशीपुढं गीता वाचली तर ती निदान रवंथ करते, हे लोक घोरतात!

पोटासाठी मी घोटावड्याजवळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. नटबोल्ट आणि ग्रीसचे डबे यांत माझी विद्या गंजत पडली होती. पण चौऱ्याऐंशी साली मालकांनी जपानहून पत्रे दाबायचा हत्तीएवढा प्रेस मागवला आणि माझे दिवस पालटले.

प्रेसबरोबर ओगावा नावाचे जपानी इंजिनियर आले. त्यांनी मशीन उभं केलं, आणि कसलातरी भाग आणायला ते मुंबईला गेले. जाताना बाकावर एक जाडजूड पुस्तक विसरले. आत पानोपानी चित्रं! मालकांनी ते चाळलं आणि मला बोलावलं.

"हैबतराव, हे काय पोराटोरांचं दिसतंय?"

मी पुस्तक उघडलं, आणि मला दरदरून घामच फुटला! पहिल्याच पानावर प्रचंड स्फोट. चहूकडे तेज. पुढच्या पानावर त्या तेजातून अक्राळविक्राळ रूप प्रकटलेलं. हजारभर हात, कपाळावर तिसरा डोळा, तोंडातून ज्वाळा! मग पानागणिक हात कमी होत जातात. ज्वाळा विझते. तिसरा डोळा मिटतो. आणि शेवटच्या पानावर एक गोंडस बालक ताटापुढं शांत बसलेलं, ताटात एक पांढराशुभ्र मुळा!

"पोराटोरांचं?" मी म्हणालो. "मालक, हे जपानचं पुराण आहे! हा स्फोट म्हणजे सृष्टीची उत्पत्ती. हजार हात म्हणजे हजार वासना. एकेक वासना गळते, क्रोधाग्नी शांत होतो, आणि शेवटी उरतं ते निरागस बालरूप. वैराग्य!"

"आणि मुळा?"

एखादा लेचापेचा इथं अडखळला असता. मी नाही!

"मुळा म्हणजे मूळ! जिथून सृष्टी आली, ते मूळ!"

मालकांचे डोळे पाणावले. मालकांना हिशेबापलीकडचं काहीही ऐकलं की डोळ्यांत पाणी येतं. "हैबतराव, खंडेनवमीला नव्या प्रेसची पूजा आहे. मागच्या भिंतीवर हाच देव काढून घ्या. ओगावा साहेब परत येऊन बघतील तर खूश होतील. दुसऱ्या प्रेसचं बोलणं चाललंय, तेवढंच वजन पडेल!"

पौडहून नसीर पेंटरला बोलावलं. नसीर ट्रकच्या मागं मोर काढायचा आणि स्वतःला दरबारी चित्रकार समजायचा. त्यानं पुस्तक हातात घेतलं आणि चक्क उलट्या बाजूनं उघडलं.

"हैबतराव, हे हिकडून सुरू व्हतंय जणू."

"नसीरमियाँ, हे उर्दू नव्हे! जपानी आहे!"

"पर हिकडून बघितलं तर पोरगं खातंय आन् मग..."

"तुम्ही हात मोजा! गूढार्थ माझ्याकडे सोपवा!"

त्यानं खांदे उडवले आणि बांबूच्या परांचीवर चढला. मनुष्य मात्र हाताचा खरा. प्रेसच्या मागं असा काही देव उभा केला की रात्रपाळीचे कामगार तिकडं पाठ करून काम करेनात!

पहिला नमस्कार आमच्या कँटीनच्या गंगूबाईंनी केला. त्यांची म्हैस ताम्हिणीच्या रानात कुठंतरी भरकटली होती. "देवा सहस्रहाता, माजी म्हस घावूंदे, तुला मुळं वाहीन!" संध्याकाळी म्हैस आपली आपण दारात! झालं! दुसऱ्या दिवसापासून भिंतीपुढं उदबत्त्या. कुणाला बदली हवी, कुणाला मुलगी खपवायची. मी मनातल्या मनात हसायचो. काय ही अडाणी माणसं! प्रतीक कळत नाही, नुसतं मागत सुटतात!

खंडेनवमी उजाडली. कासारसाईहून मुळ्याची पोती आली. गंगूबाईंनी मुळ्याची भाजी, मुळ्याची कोशिंबीर, मुळ्याचे पराठे, एवढंच नव्हे तर मुळ्याचा शिराही केला. नुसत्या वासानं दोन पाहुणे फाटकातूनच परतले! मी फेटा बांधून वासनाक्षयावर दणदणीत व्याख्यान दिलं. मग पंगत उठली आणि सबंध कारखाना आतून गडगडायला लागला. तोफखाना म्हणतात तो हाच!

एवढ्यात फाटकातून गाडी आत आली. ओगावा साहेब!

मालकांनी हार घातला, हाताला धरून भिंतीपुढं नेलं. साहेबांनी वर पाहिलं. पाहतच राहिले. खांदे थरथरायला लागले.

"भारावले!" मी मालकांच्या कानात कुजबुजलो.

साहेब मटकन खाली बसले आणि पोट धरून हसायला लागले! हसता हसता चष्मा पडला. हार तुटला. मालकांचा चेहरा मुळ्यासारखा पांढरा झाला.

"हैबतराव, विचारा, काय झालं?"

साहेबांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, म्हणून आमचं छान जमायचं. मी पुस्तक पुढं केलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, फिरवलं आणि उजव्या बाजूनं उघडलं.

"इथून सुरू," ते म्हणाले.

नसीर पेंटर दाराशी उभा होता. छताकडं बघत नुसती दाढी खाजवत राहिला. त्यापेक्षा त्यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं!

साहेबांनी गोष्ट सांगितली. एक अधाशी पोरगं असतं. ते देवळातला मुळा चोरून खातं. मुळा मंतरलेला! पोराला एक जादा हात फुटतो. मग ते दोनाऐवजी तीन हातांनी खातं. आणखी हात फुटतात. लोकांच्या ताटांवर नजर ठेवायला कपाळावर डोळा उघडतो. ढेकरेतून जाळ निघतो. आणि शेवटी खाऊन खाऊन पोरगं फुटतं. फट्!

म्हणजे सृष्टीची उत्पत्ती म्हणजे ते फुटणं होतं!

"पण हजार हात?" मी काकुळतीला आलो. "त्याला काही पौराणिक अर्थ?"

"आहे ना!" साहेब डोळे पुसत म्हणाले. "आमच्याकडे कान्नोन आहे. करुणेचा बोधिसत्त्व. तुमच्याच देशातून आमच्याकडे आला. त्याला हजार हात, बुडणाऱ्यांना वर काढायला. प्रत्येक हाताच्या तळव्यावर डोळा, कुणाचंही दुःख नजरेतून सुटू नये म्हणून. या पोराला तेच हात आणि तोच डोळा दिलाय, दुसऱ्यांची ताटं ओढायला. शक्ती तीच, पोट वेगळं. तीच तर गंमत!"

खरं सांगतो, असा अर्थ मला उभ्या जन्मात सुचला नव्हता. पण तेव्हा कौतुक करायला सवड नव्हती, कारण मालकांनी माझा फेटा धरला होता.

"माझ्या लाखांच्या मशीनमागं अधाशी पोरगं फुटतंय! आत्ताच्या आत्ता लोकांना खरं सांगा आणि चुना मारा. नाहीतर उद्या स्टोअरच्या किल्ल्या टेबलावर ठेवा!"

नोकरीचा प्रश्न! मी बाकावर चढलो.

"मंडळी, हा देव नाही! हे एक खादाड पोर आहे. माझी वाचण्यात चूक झाली. मी उलटं वाचलं!"

कुणाच्या तरी पोटात मुळा गडगडला. मग साहेब मदतीला धावले. हातातलं पुस्तक उंच धरून हसत ओरडले, "मंगा! मंगा!" जपानीत असल्या चित्रकथांना तसं म्हणतात.

"ऐकलंसा?" गंगूबाई कडाडल्या. "सोता जपानी सायेब सांगतुया, मागा, मागा!"

"अहो गंगूबाई, ते मागा नव्हे..."

"गप बसा! माजी म्हस काय खादाड पोरानं धाडली व्हय? लई शाने झालात! चुना मारायला कोन येतंय ते बघतेच मी!"

कोण येणार? चुन्याची बादली घेतलेला कामगार बादली ठेवून बाहेर निघून गेला. मालकांनीही फेटा सोडला. एवढ्या लोकांशी वाकडं घ्यायची त्यांची छाती नव्हती. साहेब तर भिंतीचे फोटो काढण्यात दंग होते.

मी शेवटचा प्रयत्न केला. "बाई, मी त्या पुस्तकाचा खरा अर्थ सांगतोय!"

गंगूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "एक सांगा, हैबतराव. तुमाला जपानी वाचाया येतंय का?"

सबंध कारखाना माझ्याकडं बघत होता.

"नाही," मी म्हणालो.

"मंग!" असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात मुळ्याचा शिरा वाढला.